पाडव्याला भट्टी चालू होती

झिरकपूर, ८ ऑक्टोबर २०२५

ती. दादास इंदूचा नमस्कार. (साष्टांग घालण्याचं गुडघ्यांना आता जमत नाही. वाकल्याचं गृहीत धर.)

एका अत्यंत गंभीर प्रसंगी हे पत्र लिहावं लागत आहे. सुमेधावहिनीच्या डब्याचं झाकण उघडत नाही.

गेल्या दिवाळीत त्यातून चिरोटे आले होते. चिरोटे संपले, मी डबा घासला, पुसला, झाकण दाबून लावलं आणि तिथेच माझं चुकलं. अकरा महिने झाले, तो बंद आहे. आता घटनापेच असा की आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत. भरल्याशिवाय देता येत नाही, उघडल्याशिवाय भरता येत नाही. ह्यांनी, म्हणजे वायुसेनेत एकतीस वर्षं विमानांची झाकणं उघडणाऱ्या माणसाने, पेचकस लावला. पेचकस वाकला. अंशुमन आयटी पार्कातून आला, मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, "मम्मी, नया मँगवा दो ना यार." पोरगा आपला, पण त्याला कसं समजावणार की बुडाला 'सौ. सुमेधा, वास्तुशांत, सेक्टर ४४' असं नाव घातलेलं आहे आणि असे डबे ऑनलाइन मिळत नाहीत.

हे मी फोनवर कळवलं असतं, पण ऑगस्टमध्ये तू मला ब्लॉक केलंस. कौटुंबिक ग्रुपवरूनही काढलंस. आपल्या दोन घरांत बारा किलोमीटर आणि झिरकपूरचा ट्रॅफिक जॅम आहे, म्हणून पोस्ट. जॅमपेक्षा पोस्ट लवकर पोचतं.

डब्याचं झालं. आता किरकोळ विषय.

गुरलीन सात वर्षांची आहे. बेरीमाजऱ्याच्या ज्या शाळेत मी गणित शिकवते तिथे दुसरीत. या वर्षी जानेवारीत तिला बारापर्यंत पाढे येत होते. या जुलैत ती सातच्या पाढ्यात अडकायला लागली. 'सात छक्के' म्हणायची आणि खिडकीबाहेर बघत राहायची. पोटात दुखतं म्हणायची, खेळायला उठायची नाही. ऑगस्टमध्ये रक्त तपासलं तेव्हा त्यात शिसं निघालं. आकडा अठ्ठावन्न. पाचच्या वर गेला की डॉक्टर भुवया उंचावतात. अठ्ठावन्नला त्यांनी चष्मा काढला.

शाळेची मागची भिंत आणि जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणाऱ्या भट्टीची पुढची भिंत ही एकच भिंत आहे, हे तुला माहीत आहे. त्या भट्टीच्या धुरात शिसं मर्यादेत असल्याचा रिपोर्ट तुझ्या लॅबचा आहे, हेही तुला माहीत आहे. तो शाळेच्या व्हरांड्यात नोटीसबोर्डवर लावलाय. मी बायकांना तो फक्त वाचून दाखवला होता.

२० नोव्हेंबरला भट्टीच्या परवान्याच्या नूतनीकरणाची जनसुनावणी आहे. तुझ्या कागदावर अजून पाच वर्षं मिळतील. त्याआधी एकदा जाऊन पुन्हा नमुने घे. मी ऑगस्टमध्ये ओरडून सांगितलं तेच आता नम्रपणे सांगते आहे. नम्रपणा मला शोभत नाही, तरी बघ.

वहिनीला सांग, डबा जपून ठेवलाय.

इंदू


बेरीमाजरा, २२ ऑक्टोबर २०२५, दिवाळी पाडवा

दादा,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तरी लिहिते आहे, कारण आत्ता लिहिलं नाही तर मी शाळेच्या या पायरीवर बसून मोठ्याने हसेन आणि लोक म्हणतील, मॅडमना पण शिसं चढलं.

तुझं उत्तर मिळालं. लॅबच्या लेटरहेडवर दोन ओळी: "रिपोर्ट अंतिम आहे. विनोदी लेखासाठी दुसरा विषय शोध." महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेत मी दरवर्षी लिहिते ते तू वाचत नाहीस, असा माझा समज होता. आनंद झाला.

आज शाळेला सुट्टी. गुरलीनच्या आईने, परमजीतने, काल फोन केला होता, "कल आ जाओ जी, जलेबी खा के जाना." गुरलीनला तिने नानीच्या गावी ठेवलंय, इथून पुढे तासाभरावर. तिचा नवरा बलविंदर भट्टीवर कामाला आहे, म्हणून ती दोघं इथेच. सेक्टर ४३ वरून बस पकडली, उतरले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दोन मिनिटांनी कळलं. आवाज नव्हता. सहा वर्षं मी इथे येते आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मला या गावात चिमण्या ऐकू आल्या.

धुराडं थंड होतं. भट्टीचं फाटक सताड उघडं. आत मशीनं धुऊन पुसून उभी, प्रत्येकीला टिळा, झेंडूची माळ. घणाला लाल दोरा बांधलेला. आणि एरवी राखेच्या रंगाची असणारी माणसं अंघोळ करून, धुतलेल्या पगड्या बांधून जिलब्या वाटत होती. बलविंदरने द्रोण पुढे केला. मी विचारलं, "आज भट्टी बंद?"

तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "मैडम जी, आज विश्वकर्मा दिन है. आज औजार नूं हत्थ नहीं लाणा." औजाराला हात लावायचा नाही.

"दरवर्षी?"

"हर साल जी. मेरे दादे दे वेले तों." आजोबांच्या काळापासून.

दादा, आपण शस्त्रं-औजारं दसऱ्याला पुजतो आणि मोकळे होतो. हे लोक दिवाळीनंतर पुजतात. आपला पाडवा तोच त्यांचा विश्वकर्मा दिन. त्या दिवशी अख्ख्या पंजाबात खराद, म्हणजे लेथ, फिरत नाही, भट्टी पेटत नाही. सायकलचं पंक्चर काढणारासुद्धा पाना खाली ठेवतो. मलाही सहा वर्षांत कळलं नव्हतं, कारण दिवाळीच्या सुट्टीत मी झिरकपूरला करंज्या तळत असते.

तोंडात जिलबी होती तेव्हाच मला काहीतरी आठवलं. मी शाळेच्या व्हरांड्यात आले आणि नोटीसबोर्डवरचा तुझा रिपोर्ट वाचला. या वेळी तारखेसकट.

नमुने घेतल्याचा दिनांक २ नोव्हेंबर २०२४. वेळ सकाळी साडेअकरा ते सायंकाळी पाच. भट्टी: पूर्ण क्षमतेने चालू. नमुने घेणार: श्यामसुंदर, स्वतः. खाली तुझी ती सही, जिच्यातल्या 'श'ला तू लहानपणापासून सोंड काढतोस.

गेल्या वर्षीचा पाडवा दोन नोव्हेंबरला होता. भाऊबीजेला तुम्हाला पुण्याला जायचं होतं, म्हणून तू पाडव्यालाच माझ्याकडे ओवाळून घ्यायला आलास. अकराला आलास. जेवलास, लोळलास, ह्यांच्याशी पत्त्यांत हरलास आणि दिवे लागले तेव्हा गेलास. वहिनीने ओवाळतानाचा तुझा फोटो ग्रुपवर टाकला होता: कपाळावर लांबच लांब कुंकू, हातात चिरोट्यांचा डबा. तू मला ग्रुपवरून काढलंस, पण फोटो माझ्या फोनमध्ये आधीच उतरला होता. तेवढं तुझ्या लक्षात आलं नाही.

कसं घडलं असेल ते मला दिसतंय. रिपोर्टाला तारीख हवी होती. तू लॅबचं रजिस्टर उघडलंस. नमुने घेण्याचं यंत्र कुठल्या दिवशी मोकळं आहे? दोन तारखेला. घातली. ते यंत्र नेमकं त्याच दिवशी का मोकळं होतं, असा प्रश्न बावीस वर्षं चंदीगडात राहून तुला पडला नाही. सगळा पंजाब बंद होता म्हणून, दादा.

आता जे पहिल्या पत्रात लिहिलं नाही ते.

मी रिपोर्ट फक्त वाचून दाखवला नव्हता. गेल्या वर्षी डिसेंबरमध्ये परमजीत मला म्हणाली होती, लोक म्हणतात हवा खराब आहे, मुलीला नानीकडे पाठवू का? मी तिला त्या नोटीसबोर्डपाशी नेलं, तुझ्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "मेरे सगे भाई ने चेक किया है. बिलकुल मत डरो." ती म्हणाली, "फेर ठीक है जी." गुरलीन राहिली. आठ महिने राहिली. आणि जुलैत पाढा अडकला तेव्हा मी तिला आळशी म्हटलं. सातचा पाढा पन्नास वेळा लिहायला लावला. तिने रडत रडत लिहिला. बत्तिसाव्या वेळी ओकली, तरी पुढे लिहीत राहिली.

तुझ्या सहीवर ठेवलेलं बोट माझं होतं. ते मी कापू शकत नाही. सही मात्र माझ्या हाताशी आहे.

इंदू


झिरकपूर, ३० ऑक्टोबर २०२५

ती. दादास कृतानेक नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वाचून विचार केला आणि पटलं की माझंच चुकलं. तू ऑगस्टमध्ये म्हणालास ते खरं आहे, गणिताच्या बाईने केमिस्ट्रीत नाक खुपसू नये. थोरल्या भावाशी असं बोलायला नको होतं.

एक विनंती आहे. २० तारखेच्या सुनावणीला तू स्वतः ये. इथल्या बायकांना कागद कळत नाही. माणूस समोर उभा राहून बोलला की त्यांचं समाधान होतं. तूच सगळ्यांपुढे सांग, मी स्वतः आलो होतो, अमुक दिवशी, इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत उभा होतो. मग कोणाची शंका राहणार नाही, माझीही.

आलं घातलेला चहा थर्मासमध्ये आणीन. तुला कमी गोड लागतो, लक्षात आहे.

तुझी,
इंदू


झिरकपूर, २१ नोव्हेंबर २०२५

दादा,

काल तू चहा प्यायला थांबला नाहीस. वाया गेला नाही. प्रदूषण नियंत्रण बोर्डाच्या इंजिनिअरबाई दोन कप प्याल्या आणि त्यांनी रेसिपी विचारली.

कालची सुनावणी तू आठवू इच्छित नसणार, म्हणून लिहून ठेवते.

तू निळा ब्लेझर घालून आलास. शाळेच्या अंगणात तंबू, समोर तीनशे माणसं, भट्टीच्या मालकाने तुझ्यासाठी स्वतःच्या शेजारची खुर्ची पुसून घेतली. तू माझ्याकडे बघून हसलास, ऑगस्टनंतर पहिल्यांदा. खरं सांगू, त्या क्षणी माझा हात पर्समधल्या फोनवरून सुटला होता. आईच्या वळणाचं हसणं आहे तुझं. मग तू माईक घेतलास.

छान बोललास. 'मायक्रोग्रॅम' हा शब्द सात वेळा. शेवटी इंजिनिअरबाईंनी विचारलं, "नमुने आपण स्वतः घेतलेत?"

"जी मॅडम. दोन नवंबर को. साढ़े ग्यारह से पाँच. भट्ठी फुल कपैसिटी पे चल रही थी. मैं खुद खड़ा था."

बाई सही घ्यायला कागद पुढे करतात तोवर तिसऱ्या रांगेतून परमजीत उठली. मी तिला काही शिकवलं नव्हतं, दादा. एवढंच सांगितलं होतं की भाईसाहेब तारीख सांगतील, ती नीट ऐक.

"पाजी," ती म्हणाली, "दो नवंबर नूं तां विश्वकर्मा दिन सी. भट्टी चलदी सी?"

आणि तंबू हसला. असं हसणं वाट्याला यावं असा शाप मी तुलाही दिला नसता, इतकं ते मोठं होतं. पगडीवाले म्हातारे मांड्यांवर थापा मारत होते. मागून कोणीतरी ओरडला, "ओस दिन तां लोहार वी हथौड़ा नहीं चुकदा, साब जी!" त्या दिवशी लोहारही हातोडा उचलत नाही. मालक हसला नाही. तो आपली खुर्ची हळूच तुझ्यापासून दूर सरकवत होता.

तू त्या वेळी गप्प बसला असतास, तारीख टाइप करताना चुकली म्हणाला असतास, तर कदाचित निसटला असतास. पण तू दादा आहेस. चुकलो म्हणणं तुला ह्यांच्याशी पत्ते खेळतानासुद्धा जमलं नाही. तू म्हणालास, "स्पेशल ऑर्डर थी. उस दिन स्पेशली चलाई गई. मैं वहीं था."

मग मी उठले.

फोन इंजिनिअरबाईंच्या हातात दिला. त्यांनी फोटो बघितला, खालची तारीख आणि वेळ बघितली, दुपारचे एक वाजून दहा मिनिटं. मग तुझ्याकडे बघितलं, मग पुन्हा फोटोकडे. "ये कौन हैं?"

"मेरे बड़े भाई," मी म्हटलं. "और ये मेरा ड्रॉइंग रूम है."

पुढचं तुला माहीत आहे. भट्टीला टाळं. तुझा रिपोर्ट रद्द. लॅबची मान्यता चौकशी होईपर्यंत थांबवली. गावातल्या साठ मुलांचं रक्त सरकारी खर्चाने तपासायचं ठरलं. बलविंदरचं काम गेलं. मी परमजीतजवळ जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, "रोटी तां होर लभ जाऊ जी. कुड़ी कित्थों लभदी?" भाकरी दुसरी मिळेल, मुलगी कुठून मिळवायची.

तंबूबाहेर तू माझं मनगट धरलंस. तुला वाटतं मी ते विसरेन, म्हणून तेही लिहिते.

"इंदू, एकांतात सांगितलं असतंस तर मी रिपोर्ट मागे घेतला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"रक्ताच्या नात्याचा तरी विचार करायचास."

दादा, ऑगस्टपासून मी रक्ताचाच विचार करते आहे. त्यात काय काय असतं आणि किती असलेलं चालत नाही, ते आता मला वाचता येतं. आणि तू रिपोर्ट मागे घेतला असतास, मान्य. मग नवा दिला असतास, नवी तारीख घालून. या वेळी पंजाबी कॅलेंडर बघून.

तुझी बदनामी व्हावी असं मला वाटत होतं का? हो. लोकांसमोर व्हावी, मोठ्याने व्हावी आणि तू स्वतःच्या पायांनी चालत येऊन करून घ्यावीस, असं वाटत होतं. ३० तारखेचं गोडगोड पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. स्मरणिकेतले लेख मी एका बैठकीत लिहिते.

इंदू


झिरकपूर, ७ डिसेंबर २०२५

दादा,

वहिनीचा फोन आला होता. रडत होती. तू घराबाहेर पडत नाहीस, पडदे लावून बसतोस म्हणाली. "तुम्ही दोघं भावंडं, मी कोणाच्या बाजूने बोलू?" म्हणाली. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही कोणाच्याही बाजूने बोलू नका, फक्त त्याला जेवायला घाला. तिने फोटो काढला नसता तर काही झालं नसतं, असं तू तिला म्हणालास, ते मात्र ऐकून पुन्हा पहिल्यासारखा राग आला. निदान तेवढं तरी स्वतःच्या नावावर ठेव.

डबा उघडला. गेल्या रविवारी परमजीत आमच्याकडे आली होती, तिने ओट्यावर बघितला आणि विचारलं, ये क्या सजाके रखा है? मी घटनापेच समजावून सांगितला. तिने पातेल्यात पाणी उकळलं, डबा उलटा धरून झाकण त्यात बुडवलं, फडक्याने पिळलं. टक्. वर्षभर, एक पेचकस आणि एक वायुसेना. तिला दोन मिनिटं लागली.

आत काही नव्हतं, चिरोट्याचा एक पापुद्रा सोडून.

रिकामा देत नाहीत, म्हणून साखर भरली आहे. वर तुला तेव्हा न टाकलेलं पाडव्याचं पत्र ठेवलंय, ते वाच. शिसंही गोड लागतं म्हणे. तिथली मुलं भिंतीचे पोपडे चाटायची ते काही उगीच नाही. घाबरू नकोस, ही साखर दुकानातली आहे, पाकीट वहिनीसाठी सोबत ठेवलंय. डबा अंशुमन आणून देईल. आता तुमच्या घरचं माझ्याकडे काही राहिलं नाही.

गुरलीनचा आकडा एकतीसवर आलाय. डॉक्टर म्हणतात, रक्तातलं उतरेल. जे विसरली त्यातलं किती परत येईल ते सांगता येत नाही. परवा फोनवर तिने मला विचारलं, "मैडम, सात छक्के अब भी लिखना है?"

म्हणून एक दोनशे पानी वही आणली आहे. सातचा पाढा पन्नास वेळा, माझ्या अक्षरात. तपासायला तिच्यासाठी लाल पेनही घेतलंय. एकतीस वेळा झाला, अंगठा भरून आला आहे. सात वर्षांच्या अंगठ्याचं काय होत असेल, ते जुलैत सुचलं नव्हतं. नानीच्या गावाची बस सेक्टर ४३ वरून सात वीसला सुटते. गाव येईपर्यंत उरलेले एकोणीस होतील.

इंदू